घराच्या पायाला गेलेले तडे: दुरुस्ती आणि वॉटरप्रूफिंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पायाजवळ तडा दिसला की पहिला प्रश्न असतो, 'हा कशाने भरायचा?' भरायचे साहित्य भरपूर आहे आणि त्यातले बरेचसे चांगलेही आहे. तरी भरलेले तडे वर्षा-दोन वर्षांत पुन्हा उघडतात, कारण त्यांच्यामागची माती आणि पाणी तसेच राहिलेले असते. म्हणून पुढच्या बऱ्याच उत्तरांत आधी कारणाचा शोध आहे आणि मग मसाल्याची निवड.

प्रत्येक तडा धोक्याचा असतो का?

नाही. काँक्रीट वाळताना आकसते. हे आकसणे साधारणपणे दर मीटरला ०.३ ते ०.६ मिलिमीटर असते. म्हणजे १० मीटर लांबीची भिंत मोकळी असती, तर ती ३ ते ६ मिलिमीटरने आखूड झाली असती. पण ती खाली पायाला आणि दोन्ही टोकांना जखडलेली असते. आखूड होता येत नाही म्हणून ती ताणली जाते, आणि ताण सोसण्यात काँक्रीट फारच कमजोर. त्याची ताणशक्ती दाबशक्तीच्या जेमतेम दहाव्या भागाइतकी असते. त्यामुळे बांधकामानंतरच्या पहिल्या वर्षा-दोन वर्षांत केसासारखे बारीक, उभे तडे जाणे हे काँक्रीटच्या स्वभावातलेच आहे.

तापमानाचेही तसेच. १० मीटरची भिंत २० अंशांच्या फरकाने सुमारे २ मिलिमीटर लांब-आखूड होते. सांधे सोडलेले नसतील, तर ही हालचाल तड्यातून वाट काढते.

असे तडे इमारतीच्या ताकदीला सहसा धक्का लावत नाहीत. पण जमिनीखालच्या भिंतीत बारीक तडासुद्धा पाण्याला पुरतो, हे लक्षात ठेवावे. घर सुरक्षित असणे आणि घर कोरडे असणे हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

तडा बघून त्याचे कारण ओळखता येते का?

बऱ्याच अंशी येते. तड्याची दिशा, तो कुठे रुंद आहे आणि दोन्ही कडा एका पातळीत आहेत का, या तीन गोष्टी बघायच्या.

उभा आणि वरपासून खालपर्यंत सारखा बारीक तडा बहुधा आकसण्याचा असतो. खिडकीच्या किंवा झडपेच्या कोपऱ्यातून तिरका निघालेला लहान तडाही बहुधा त्याच जातीचा, कारण उघड्या जागेच्या कोपऱ्यावर ताण एकवटतो.

उभा तडा खाली रुंद आणि वर मिटलेला असेल, तर भिंतीचा मधला भाग खाली बसतो आहे, असा संशय घ्यावा. उलट वर रुंद आणि खाली बारीक असेल, तर टोके खाली जात आहेत. वीटकामात तिरका किंवा सांध्यासांध्यातून पायऱ्यांसारखा चढत गेलेला तडा पाया असमान खचल्याची खूण असतो. सगळे घर सारखे खाली बसले तर फारसे बिघडत नाही. एक कोपरा बसला आणि दुसरा तसाच राहिला, की भिंत फाटते.

तळघराच्या किंवा माती अडवणाऱ्या भिंतीतला आडवा तडा मात्र मी सर्वांत गंभीर मानतो. बाहेरची माती आणि पाणी भिंतीला आत ढकलत असतात. भिंत मध्यावर वाकते आणि आतल्या बाजूला आडवी फाटते. अशा भिंतीला ओळंबा लावून बघा. ती आत झुकलेली आढळली, तर तडा भरायचा विचार बाजूला ठेवून आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा.

सळईच्या रेषेत गेलेला आणि तांबूस डाग सुटलेला तडा गंजाचा असतो. त्याबद्दल पुढे वेगळे लिहिले आहे.

किती रुंद तड्याची काळजी करायची?

ब्रिटनमधल्या बिल्डिंग रिसर्च एस्टॅब्लिशमेंटने भिंतींच्या नुकसानीचे केलेले वर्गीकरण अनेक देशांत वापरले जाते. त्यात ०.१ मिलिमीटरपर्यंतचा तडा नगण्य धरतात, १ मिलिमीटरपर्यंतचा अगदी किरकोळ आणि ५ मिलिमीटरपर्यंतचा किरकोळ. ५ ते १५ मिलिमीटरला नुकसान मध्यम धरतात. १५ ते २५ मिलिमीटरला ते गंभीर ठरते आणि त्यापुढे अतिगंभीर.

पण हा तक्ता एकट्याने निकाल देत नाही. ३ मिलिमीटरचा कित्येक वर्षे तसाच राहिलेला तडा हा १ मिलिमीटरच्या, दर महिन्याला वाढणाऱ्या तड्यापेक्षा कमी चिंतेचा. शिवाय बोट फिरवल्यावर एक कड दुसरीच्या पुढे आलेली लागली, तर रुंदी कितीही असो, भिंतीचे दोन भाग एकमेकांपासून सरकलेले आहेत. दारे-खिडक्या अचानक अडकू लागणे, जमीन एका बाजूला उतरणे, छत आणि भिंत यांच्यामध्ये फट दिसणे ही लक्षणे सोबत असतील तर थांबू नये.

तडा वाढतो आहे की थांबला आहे, हे घरच्या घरी कसे तपासायचे?

तड्याच्या दोन्ही टोकांशी पेन्सिलीने आडवी रेघ मारून शेजारी तारीख लिहा. तडा रेघेच्या पुढे गेला की लगेच कळते. रुंदीसाठी तड्याच्या दोन्ही बाजूंना एकेक छोटा स्क्रू पक्का बसवा आणि दोन स्क्रूंमधले अंतर व्हर्नियर कॅलिपरने मोजून ठेवा. तिसरा स्क्रू एका बाजूला असा लावा की तिघांचा त्रिकोण होईल. मग तडा नुसता उघडतो आहे की उभाही सरकतो आहे, हेसुद्धा समजते. फोटो काढताना शेजारी मोजपट्टी धरा, नाहीतर पुढच्या फोटोशी तुलना करता येत नाही.

जुने गवंडी तड्यावर काचेची पट्टी दोन्ही टोकांना चिकटवतात. हालचाल झाली की काच फुटते. युक्ती चांगली आहे, पण किती हालचाल झाली आणि कोणत्या दिशेला, हे त्यातून कळत नाही. म्हणून मोजमाप केलेलेच बरे.

नोंद निदान एक ओला आणि एक कोरडा काळ पूर्ण होईपर्यंत ठेवावी. काही तडे दर उन्हाळ्यात उघडतात आणि पावसात मिटतात. त्यांना एकदाच बघणाऱ्याला ते एकतर वाढताना दिसतात किंवा बरे होताना. दोन्ही निष्कर्ष चुकीचे. वर्षभराच्या आकड्यांवरूनच कळते की तडा जागच्या जागी हेलकावतो आहे की दर वर्षी थोडा जास्त उघडा राहतो आहे.

भिंत झुकली असेल किंवा तडा आठवड्यांत वाढताना दिसत असेल, तर अर्थातच वर्षभर वाट पाहायची नाही.

माती पाया कशी काय हलवते?

बारीक कणांची चिकणमाती पाणी शोषून फुगते आणि वाळली की आकसते. मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज जास्त असलेल्या काळ्या मातीत हे फार ठळक दिसते. कोरड्या दिवसांत तिच्या शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशाच मातीवर घर उभे असेल, तर कडेची माती वाळते आणि घराखालची ओलीच राहते. कडा खाली जातात, मधला भाग वर राहतो. पावसात हेच उलटे होते. पाया या फुगण्या-आकसण्याच्या थराच्या खाली नेलेला असेल तर घर शांत राहते. वरच ठेवलेला असेल तर दर वर्षी हलते.

मोठ्या झाडाची मुळे चिकणमातीतले पाणी ओढून घेतात आणि त्या बाजूची माती आकसते. साधारणपणे झाडाच्या उंचीएवढ्या अंतरापर्यंत हा परिणाम पोहोचू शकतो. पण म्हणून घाईने जुने झाड तोडू नका. ते गेल्यावर कोरडी पडलेली माती पुन्हा पाणी घेते आणि फुगून पाया वर उचलते. आधी सल्ला घ्यावा.

नीट न दाबलेला भराव हे दुसरे मोठे कारण. घर बांधताना खड्डा भरून घेतला आणि भराव थराथराने न ठोकता एकदम ओतला, की तो पुढची अनेक वर्षे बसत राहतो. आणि तिसरे, ज्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते, ते म्हणजे जमिनीखालची फुटकी पाण्याची किंवा सांडपाण्याची लाइन. ती एकाच जागी माती सतत भिजवते, वाळूमिश्रित माती असेल तर वाहूनही नेते. तडा एकाच कोपऱ्यात असेल आणि जवळ न्हाणीघर किंवा चेंबर असेल, तर आधी ती लाइन तपासून घ्या.

भिंतीवर ओल आहे. ती तड्यातूनच येते, हे कशावरून ठरवायचे?

ओल तीन वाटांनी येते: बाहेरून झिरपून, जमिनीतून वर चढून, आणि खोलीतल्या दमट हवेतून. तिसरी वाट बऱ्याचदा विसरली जाते. तळघराची भिंत थंड असते, दमट हवा तिला लागली की तिथे पाण्याचे थेंब जमतात आणि घरमालक वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलावतो.

साधी चाचणी आहे. भिंतीचा दोन फूट लांब-रुंद भाग पुसून कोरडा करा आणि त्यावर जाड, पारदर्शक प्लास्टिक चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट बंद करा. एक-दोन दिवसांनी बघा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला, भिंतीकडे, पाणी जमले असेल तर ओल भिंतीतून येते आहे. बाहेरच्या बाजूला जमले असेल तर ती हवेतली आहे, आणि तिला हवा खेळती ठेवणे हाच उपाय.

जमिनीतून चढणारी ओल सहसा साधारण १ मीटर उंचीपर्यंत जाते आणि वरची कड आडव्या पट्ट्यासारखी दिसते. तिथे लोणा फुटतो, म्हणजे पांढरे क्षार वर येतात, आणि रंगाचे पोपडे सुटतात. तड्याची ओल मात्र तड्याभोवती जमते आणि पावसानंतर वाढते. तड्याच्या कडांवर पांढरा, घट्ट थर असेल तर त्यातून वारंवार पाणी गेलेले आहे; काँक्रीटमधला चुना विरघळून बाहेर येऊन तिथे साचलेला असतो.

याच गुणामुळे ०.१ ते ०.२ मिलिमीटरपेक्षा बारीक तडे कधीकधी आपोआप बुजतात. पण पाण्याचा प्रवाह मंद असला आणि तडा हलत नसला तरच.

पाण्याचा दाब असा कितीसा असतो?

माणसाला वाटतो त्यापेक्षा पुष्कळ जास्त. पाण्याच्या दर १ मीटर खोलीला दर चौरस मीटरवर जवळपास १ टन भार वाढतो. तळघराच्या भिंतीबाहेर अडीच मीटर पाणी साचले, तर भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर सुमारे ३ टनांचा रेटा येतो, आणि हा नुसता पाण्याचा, मातीचा वेगळा. एवढा रेटा मागे असताना आतून लावलेला रंग किंवा साधा लेप टिकेल, ही अपेक्षाच चुकीची आहे. म्हणून बाहेर पाणी साचू न देणे हा सर्वांत ताकदवान उपाय ठरतो.

मग सुरुवात कुठून करायची?

छतापासून. १०० चौरस मीटरच्या छतावर १० मिलिमीटर पाऊस पडला की १,००० लिटर पाणी जमते. ते पन्हळीतून आणि पाइपातून उतरून भिंतीच्या पायथ्याशीच पडत असेल, तर तुम्ही स्वतःच पायाला पाणी पाजत आहात. पाइप पुढे वाढवून पाणी भिंतीपासून निदान दीड-दोन मीटर दूर, उताराच्या दिशेला सोडा. चिकणमाती असेल तर आणखी दूर. पन्हळी पाल्याने तुंबलेल्या नाहीत, हे पाऊस चालू असताना स्वतः बाहेर उभे राहून बघा. कोरड्या दिवशी हे कळत नाही.

मग जमिनीचा उतार. घराभोवतीची जमीन पहिल्या ३ मीटरमध्ये सुमारे १५ सेंटीमीटर बाहेर उतरलेली असावी. बहुतेक जुन्या घरांत ती उलटी, आत उतरलेली आढळते, कारण पायालगतचा भराव काळाने खाली बसतो. तिथे वाळू किंवा खडी भरू नका. त्यांतून पाणी सरळ पायापाशी पोहोचते. पाणी कमी झिरपणारी माती दाबून भरा आणि वर जोत्याभोवती काँक्रीटचा पट्टा, ज्याला प्लिंथ प्रोटेक्शन म्हणतात, तो बाहेर उतार देऊन करा. पट्टा आणि भिंत यांच्यातला सांधा लवचीक सीलंटने बंद करायला विसरू नका, कारण तोच सांधा पुढे पाण्याची नाली होतो. भरताना माती जोत्याच्या ओलबंद थराच्या, म्हणजे जमिनीतली ओल अडवणाऱ्या थराच्या, वर चढवू नका.

भिंतीला लागून असलेल्या फुलझाडांच्या वाफ्यांना रोज पाणी घालत असाल, तर तेही हलवा.

एवढे केल्यावर एक पाऊस जाऊ द्या. कित्येक घरांत गळती इथेच थांबते किंवा इतकी कमी होते की उरलेले काम अगदी लहान राहते. हे काम दिसायला साधे असल्याने ठेकेदार सुचवत नाहीत आणि मालकांना पटत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

एपॉक्सी वापरायचे की पीयू?

ही दोन्ही रसायने इंजेक्शनने तड्यात भरतात, पण दोघांचे काम वेगळे.

एपॉक्सी कडक होते आणि तड्याच्या दोन्ही कडा एकमेकींना जोडते. ते नीट भरले गेले तर जोड काँक्रीटपेक्षाही मजबूत असतो. ताकद परत आणायची असेल, तडा थांबलेला असेल आणि कोरडा असेल, तर एपॉक्सी. हालचाल चालू असलेल्या तड्यात ते भरले तर जोड तुटत नाही, शेजारचे काँक्रीट तुटते. जुन्या तड्याला समांतर नवा तडा दिसला की हेच झालेले असते.

पीयू म्हणजे पॉलियुरेथेन. ते पाण्याच्या संपर्कात आले की फुगून फेस होतो आणि तड्याच्या पूर्ण जाडीत पसरतो. ओल्या, झिरपणाऱ्या तड्याला ते योग्य आणि थोडी हालचालही सोसते. पण त्याने भिंतीला ताकद मिळत नाही. पाणी शोषून फुगणारे काही प्रकार कोरड्या दिवसांत आकसतात. जिथे तडा काही महिने ओला आणि काही महिने कोरडा असतो, तिथे पाणी न शोषणारा प्रकार मागावा.

गळती जोरात आहे आणि ताकदही हवी आहे, अशा वेळी आधी पीयूने पाणी थांबवून मग एपॉक्सी भरण्याचा मोह होतो. पण पीयूच्या फेसाने तड्याच्या कडा व्यापल्या की एपॉक्सीला चिकटायला जागा राहत नाही. अशा भिंतीचा निर्णय इंजिनिअरवर सोडावा.

इंजेक्शन प्रत्यक्षात कसे करतात?

तड्याच्या कडेचा रंग, धूळ, सुटा मसाला तारेच्या ब्रशने काढून जागा साफ करतात. तड्याच्या रेषेत ठरावीक अंतरावर नळ्या बसवतात. हे अंतर बहुधा १५ ते ३० सेंटीमीटर. जाड भिंतीत थोडे जास्त चालते. दोन नळ्यांमधला तडा वरून एपॉक्सीच्या पेस्टने बंद करतात, नाहीतर भरलेला पदार्थ आत जाण्याऐवजी बाहेरच ओघळतो. पीयूसाठी बऱ्याचदा तड्याच्या बाजूने तिरकी भोके पाडून ती तड्याला भिंतीच्या मध्यावर छेदतील अशी घेतात आणि त्यांत पॅकर, म्हणजे इंजेक्शनची तोटी, ठोकतात.

पेस्ट सुकली की सर्वांत खालच्या नळीतून कमी दाबाने भरायला सुरुवात करतात. वरच्या नळीतून पदार्थ बाहेर येऊ लागला की खालची बंद करून वर सरकायचे. खालून वर जाण्याचे कारण साधे आहे: तड्यातली हवा वर निघून जाते, आत अडकत नाही. कामगार वरून सुरुवात करताना दिसला तर थांबवून विचारा. दाब वाढवून घाई करणेही चुकीचे. कमी दाबाने सावकाश भरलेला तडाच पूर्ण भरतो.

नुसत्या सिमेंट-वाळूने बुजवला तर?

बारीक तड्यात सिमेंट-वाळू शिरतच नाही, वरच बसते आणि सुकताना स्वतः आकसून कडेने सुटते. रुंद, थांबलेल्या तड्यासाठी व्ही किंवा चौकोनी खाच पाडून, ती साफ आणि ओलसर करून पॉलिमर मिसळलेला मसाला भरावा. चौकोनी खाच बरी, कारण व्ही खाचेच्या कडांवर मसाला पातळ होतो आणि तिथूनच उचकटतो. हलणाऱ्या तड्याला मात्र मसाला नको. खाचेत आधी फोमची दोरी बसवून वर लवचीक सीलंट भरावे. सीलंट फक्त दोन्ही कडांना चिकटले पाहिजे. तळालाही चिकटले तर ते ताणले जाऊ शकत नाही आणि फाटते. दोरी त्यासाठीच असते.

पाणी वाहत असताना तडा बंद करता येतो का?

येतो. पाण्यातच काही मिनिटांत घट्ट होणारे प्लग सिमेंट मिळते. खाच आत रुंद आणि तोंडाशी अरुंद पाडावी, मसाल्याचा गोळा हातात (रबरी मोजे घालून) गरम लागू लागेपर्यंत धरावा, मग दाबून बसवावा आणि घट्ट होईपर्यंत सोडू नये. हा तात्पुरता बंदोबस्त समजावा. दाब तसाच असतो आणि पाणी शेजारी दुसरी वाट शोधते.

वीटकामातल्या पायऱ्यांसारख्या तड्यांना काय करायचे?

खचणे थांबले आहे याची खात्री झाल्यावर सांधे खरवडून नव्याने भरणे आणि स्टेनलेस स्टीलच्या पिळदार सळया बसवणे हा चांगला उपाय आहे. आडव्या सांध्यात खाच पाडून सळई ग्राउटमध्ये, म्हणजे भरणाच्या मसाल्यात, बसवतात. ती तड्याच्या दोन्ही बाजूंना साधारण अर्धा मीटर जायला हवी. जुन्या चुन्यातल्या दगडी किंवा विटांच्या बांधकामात कडक सिमेंट भरू नका. ते मऊ दगडापेक्षा किंवा विटेपेक्षा कठीण असते आणि ओल अडवते, त्यामुळे सांध्याऐवजी दगड किंवा वीटच झडू लागते. तिथे चुन्याचाच मसाला वापरा.

सळई गंजून तडा गेला असेल तर?

तो तडा भरू नका. गंज मूळ पोलादापेक्षा दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा व्यापतो आणि काँक्रीटला आतून फोडतो. वर एपॉक्सी भरले तरी आत गंज चालूच राहतो आणि पुढच्या वेळी मोठे खपले सुटतात. सुटलेले काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत काढायचे, सळई चकाकेपर्यंत साफ करायची, जाडी फार घटली असेल तर नवी सळई जोडायची, गंजरोधक लेप लावायचा आणि दुरुस्तीच्या मसाल्याने पुन्हा आच्छादन बांधायचे. किती सळई गेली आहे आणि काम करताना आधार द्यावा लागेल का, हे इंजिनिअरने ठरवावे.

वॉटरप्रूफिंग आतून केले तर चालत नाही का?

पाणी ज्या बाजूने येते त्या बाजूला, म्हणजे बाहेरून, केलेले काम नेहमीच सरस. पाण्याचा दाब लेपाला भिंतीवर दाबून धरतो. आतून लावलेल्या लेपाला तोच दाब भिंतीपासून सुटा करत असतो. शिवाय भिंत स्वतः ओलीच राहते, क्षार साचत जातात आणि सळईला गंज लागायचा धोका कायम राहतो.

पण बाहेर खणायला जागा नसेल, शेजारची इमारत लागून असेल, तर आतून करणे भाग पडते. तेव्हा साधा रंग उपयोगाचा नाही. सिमेंट आधारित लेप किंवा क्रिस्टलाइन लेप घ्यावा. क्रिस्टलाइन लेपातली रसायने ओल्या काँक्रीटच्या छिद्रांत शिरून तिथे स्फटिक तयार करतात, त्यामुळे लेप सुटा होण्याची भीती कमी. मात्र तो उघड्या, ओलसर काँक्रीटवरच लावायचा असतो. रंगावर किंवा गिलाव्यावर लावला तर वाया जातो. हलणारा तडाही तो बंद करू शकत नाही.

बाहेरून करताना कोणते थर असतात?

भिंत खणून उघडी करायची, धुऊन साफ करायची, तडे आणि भोके आधी दुरुस्त करायची. पाया आणि भिंत जिथे काटकोनात मिळतात तो कोपरा मसाल्याने गोलसर करून घ्यायचा, कारण मेम्ब्रेन, म्हणजे पाणी अडवणारे आवरण, काटकोनात दुमडले की तिथेच चिरते. मग प्रायमर, त्यावर डांबरी मेम्ब्रेन किंवा लवचीक द्रवरूप लेप. त्यावर संरक्षणाचा थर, म्हणजे उंचवट्यांची ड्रेनेज शीट, जेणेकरून भरावातल्या दगडांनी मेम्ब्रेन फाटू नये आणि भिंतीलगतचे पाणी खाली उतरावे.

खाली उतरलेले पाणी घेऊन जायला पायाच्या पातळीला भोकांचा पाइप टाकतात, खडीत गाडलेला आणि भोवती फिल्टरचे कापड गुंडाळलेला. पाइपाला साधारण दर १०० ला १ उतार हवा आणि शेवटी पाणी बाहेर पडायला जागा हवी. उताराची जागा नसेल तर खड्डा आणि पंप. कापड टाकायला कंटाळलात तर काही वर्षांत पाइप मातीने बुजेल, आणि मग पुन्हा सगळे खणावे लागेल.

खणण्याबद्दल कळकळीने सांगतो. एक घनमीटर माती दीड टनाहून जड असते आणि उभा चर काही क्षणांत कोसळतो. दीड मीटरच्या आसपास किंवा त्याहून खोल चरात आधार लावल्याशिवाय कोणालाही उतरवू नका. पूर्ण लांबी एकदम उघडी न करता टप्प्याटप्प्याने काम करा, आणि पायाच्या तळाच्या खाली कधीही खणू नका. काढलेली माती चराच्या कडेलाच रचू नका.

तडा नाही, तरी जमीन आणि भिंत मिळतात तिथून पाणी येते. असे का?

पाया आणि भिंत वेगवेगळ्या दिवशी ओतलेली असतात, त्यामुळे तिथे सांधा राहतोच. वॉटर स्टॉप पट्टी घातलेली नसेल तर खालून वाढलेला दाब तिथूनच वाट काढतो. हा सांधा वरून बंद केल्यावर पाणी बहुधा जमिनीच्या मध्यातून येऊ लागते. खात्रीचा उपाय म्हणजे कडेने नाली काढून पाणी पंपाच्या खड्ड्यात नेणे आणि दाब उतरवणे. सांध्यात पीयू इंजेक्शनही करतात. पाणी थोडे असेल तर ते पुरते.

जोत्याच्या वर ओल चढते. हेही तड्याचेच काम का?

बहुधा नाही. वातीतून तेल चढते तसे विटांच्या सूक्ष्म छिद्रांतून जमिनीतले पाणी वर चढते. ते अडवायला जोत्याच्या पातळीवर डीपीसी म्हणजे ओलबंद थर घालतात. तो नसेल, फुटला असेल, किंवा बाहेरची माती त्याच्यावर चढली असेल तर ओल वर येते. तिसरे कारण आधी तपासा. फावड्याने माती खाली उतरवून काम होते. नसेल तर भिंतीच्या तळाशी ओळीने भोके पाडून सिलेन-सिलोक्सेन प्रकारचे रसायन भरतात. त्यानंतर क्षारांनी भरलेला जुना गिलावा काढावाच लागतो, कारण ते क्षार हवेतली आर्द्रताही ओढत राहतात.

पाया खरोखरच खचत असेल तर?

मग तडा भरणे हे शेवटचे काम. आधी मातीची तपासणी, मग अंडरपिनिंग, म्हणजे पायाला खालून आधार देणे. जुन्या पद्धतीत पायाखाली एक-दीड मीटर लांबीचे तुकडे, एक सोडून एक, खणून त्यांत काँक्रीट भरून पाया खालच्या घट्ट थरापर्यंत नेतात. लागून असलेले दोन तुकडे एकाच वेळी कधीच उघडत नाहीत. दुसरी पद्धत पोलादी खांबांची. ते खाली दाबत किंवा स्क्रूसारखे फिरवत खडकापर्यंत वा घट्ट मातीपर्यंत नेतात आणि घराचा भार त्यांच्यावर घेतात. आत झुकलेल्या भिंतीला, झुकणे थोडे असेल तर कार्बन फायबरच्या पट्ट्या चिकटवून पुढचे वाकणे रोखता येते. जास्त असेल तर पोलादी उभे आधार किंवा जमिनीतले अँकर. यातले काहीही इंजिनिअरच्या आराखड्याविना करू नये.

यातले मी स्वतः काय करू शकतो?

तड्याची नोंद, पन्हळी, उतार, सीलंट भरणे, बारीक थांबलेले तडे बुजवणे. एपॉक्सी आणि सिमेंट दोन्ही कातडीला इजा करतात. हातमोजे आणि चष्मा हवाच. खाच पाडताना उडणारी धूळ फुप्फुसांना घातक असते, म्हणून पाणी मारत काम करा आणि चांगला मास्क लावा. डांबरी मेम्ब्रेन ज्योतीने चिकटवण्याचे काम अनुभवी कामगारांकडेच द्या.

कोणत्या दिवसांत काम करावे?

बाहेरचे खणकाम आणि मेम्ब्रेन कोरड्या दिवसांत. गळतीची जागा मात्र पावसात शोधून भिंतीवर खूण करून ठेवा, कारण कोरड्या दिवसांत ती सापडत नाही. काँक्रीटचे तडे थंडीत जास्त उघडे असतात, म्हणून एपॉक्सी भरायला थंड आणि कोरडे दिवस चांगले. पण साहित्याच्या डब्यावर दिलेल्या किमान तापमानाच्या खाली नको.

ठेकेदार निवडताना काय विचारावे?

तडा कशामुळे गेला, हे आधी विचारा. उत्तरात कारण न येता फक्त उत्पादनाचे नाव आले, तर पुढच्याकडे जा. हमी कोणत्या गोष्टीची आहे, हेही लेखी घ्या: त्याच तड्यातून गळती होणार नाही याची, की सगळी भिंत कोरडी राहील याची? दोन्हींत फार अंतर आहे. आणि मोठे काम असेल तर तड्याच्या कारणाचे निदान अशा इंजिनिअरकडून करून घ्या, ज्याला ते काम विकायचे नाही.

दुरुस्तीनंतर रंग कधी द्यायचा?

भिंत वाळल्यावर, आणि जाड भिंत वाळायला महिने लागतात. पुन्हा प्लास्टिकची चाचणी करा. निकाल कोरडा आला तरी पहिला रंग भिंतीला श्वास घेऊ देणारा निवडा, आणि एक पावसाळा जाईपर्यंत त्या भिंतीला कपाट टेकवू नका, म्हणजे ती रोज नजरेसमोर राहील.